गालातलं बी

१

पत्र्याचा डबा उघडा पडला होता आणि आतली वरची पुडी गेली होती. खोपटाचं कुलूप शाबूत, खिडकीची जाळी शाबूत, डब्याच्या तळाशी असलेली बियांची पिशवी बांधलेली तशीच. गेली होती ती फक्त एक पुडी.

"एवढंच?" काटामावशी म्हणाली. "भाऊजी, भरल्या काट्यावरून उठवून आणलंत मला! मला वाटलं, कुणी गेलंच."

भाऊजी खोपटाच्या दारात उभं राहून गल्लीच्या टोकापर्यंत बघत होते आणि पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते.

मावशी भंगाराच्या वखारीत मोठ्या वजनकाट्यावर बसायची. गल्लीतल्या भोपळ्यांच्या स्पर्धेला दर वर्षी तोच काटा यायचा आणि काट्यामागे ही. देठातून पाणी भरलेला भोपळा, बुडाशी शिशाचा गोळा खुपसलेला भोपळा, एकदा तर दोन अर्धुकं सांधून केलेला भोपळा, सगळे तिनं पकडले होते. कुणाची भीड नाही की मुलाहिजा नाही. त्यामुळे गल्लीत काही हरवलं, फुटलं, कुणी पळालं की आधी मावशीला बोलावणं जायचं. भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. बहीण जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे राहिलेली एकुलती एक भाची अर्धीअधिक मावशीच्याच अंगाखांद्यावर वाढली होती.

"निवडीचं बी होतं गं," भाऊजी म्हणाले.

आता ज्याला या वेडाची लागण नाही त्याला थोडं सांगायला हवं. या गल्लीत घरामागे जेवढी म्हणून माती आहे तेवढीत हिरवा भोपळा लावतात, आणि तो असा की चौघांनी ताडपत्रीत घालून उचलावा. नुसता मोठा असून भागत नाही. अंगावर नखाएवढा केशरी डाग दिसला तरी बाद. म्हणून बी निवडताना आई हिरवी हवी आणि बापही हिरवाच हवा, कारण यंदाच्या फळात दिसते ती फक्त आई. बाप कोण होता ते पुढच्या वर्षी कळतं आणि तेव्हा कपाळाला हात लावायची वेळ येते. सगळी मदार बियांवर. पेरायचा दिवस सगळ्यांचा एकच. त्या दिवशी सकाळी उठून जो तो आपलं निवडलेलं बी गालात धरतो. साल कडक असते, ती तोंडातल्या उबेनं मऊ पडते. दिवसभर खाणं नाही, चहा नाही, बोलायचं ते खुणेनं. संध्याकाळी बी तोंडातून काढून थेट मातीत. याला शास्त्र काय, विचारू नका. वडलांनी केलं म्हणून मुलं करतात.

आज तोच दिवस होता, आणि गल्ली चिडीचूप होती.

"संशय कुणावर?" मावशीनं विचारलं.

"शिंप्यावर. दुसरं कोण असणार? दोन वर्षं माझ्या मागे दुसरा येतोय." भाऊजी जरा थांबले. "तू येताना दिसला का गं तो? बरा होता?"

"बरा म्हणजे?"

"म्हणजे... हिंडता-फिरता होता ना?"

मावशीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "पोलिसांत जाऊ या का?"

"नको!" ते असे ओरडले की तीच दचकली. मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "पोलीस नकोत. बोभाटा नको. तू गुपचूप शोध, पण संध्याकाळच्या आत शोध. पाया पडतो तुझ्या."

भाऊजी आणि मेहुणीच्या पाया पडतात! ज्याची चोरी होते तो माणूस चिडतो, चोराची सात पिढ्यांपर्यंत आठवण काढतो. या माणसाच्या तोंडाला कोरड पडली होती. मावशीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

२

ती फाटकाबाहेर पडते तोच भाचीची गाडी समोरून आली. भाची गाडी चालवायला शिकवायची. चाकामागे एक नवशिकी बाई घामाघूम होऊन बसली होती आणि शेजारी भाची, तोंडाला रुमाल लावून.

"काय गं, काय झालं तोंडाला?"

भाचीनं गालावर बोट ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. नखांत तिच्या काळं भरलं होतं. टायर बदलला असेल, मावशीच्या मनात आलं.

"दात दुखतोय तिचा, कालपासून," मागून भाऊजींनी सांगितलं.

"लवंग धर, बाळ. आणि उद्या दाखवून ये, अंगावर काढू नकोस," मावशी म्हणाली. भाचीनं मान हलवली, हात केला, आणि गाडी आचके देत पुढे गेली.

शिंप्याचं दुकान चार घरं सोडून. तो शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बसला होता आणि एक गाल टम्म फुगला होता.

"शिंपीदादा, तोंडातलं काढून दाखवा."

शिंप्यानं हातवारे करून नाही म्हटलं. मावशी स्टुलावर ठाण मांडून बसली. "मी काही उठत नाही. बघा बुवा, संध्याकाळपर्यंत बसेन." शेवटी त्यानं तळहातावर बी काढलं. लहानसं, तपकिरी, कडेला बारीक खाच असलेलं.

"माझंच आहे," तो करवादला. "माझ्या वेलाच्या प्रत्येक बीला ही खाच असते. काट्यावर तुम्हीच दर वर्षी बघता. काय, हरवलं काय अण्णांचं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळपासून दोनदा खिडकीशी येऊन गेले! 'बरं आहे ना? चक्कर-बिक्कर नाही ना?' ज्या माणसानं माझं लग्न झालं तेव्हा तोंडदेखलं अभिनंदन केलं नाही, तो माझ्या चकरेची चौकशी करतोय. मला घामच फुटला. म्हटलं, माझ्या चेहऱ्यावर काही दिसतंय की काय!"

"त्यांच्या डब्यातलं बी तुम्ही घेतलंत?"

शिंपी हसला. "मावशी, अण्णांनी स्वतः माझ्या हातावर बी ठेवलं ना, तर मी ते आधी दहादा उलटंपालटं करीन, मग भिंगाखाली धरीन आणि मग नाल्यात टाकीन. त्यांच्या डब्यातलं काहीही मी तोंडात घालीन असं वाटतं तुम्हाला?"

मावशीला ते पटलं. ती उठली तसा तो मागून म्हणाला, "खोपटाची दुसरी किल्ली पाववाल्याकडे असते. पिठाची पोती तिथेच ठेवतो ना तो. आणि आज त्याच्या भट्टीत बिया लावलेले पाव आहेत, सकाळीच पाटीवर लिहिलंय."

३

पाववाला भाऊजींचाच भाडेकरू, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्याची भट्टी. तिकडे जाण्याआधी मावशी परत खोपटात शिरली. चोरीचा माल कसा दिसतो हे माहीत नसताना शोधायचं काय?

"कशा होत्या हो त्या बिया?"

"मोठ्या," भाऊजी म्हणाले. "टपोऱ्या. अंगठ्याच्या नखाहून मोठ्या. चकचकीत."

मावशी 'बरं' म्हणून वळली आणि दोन पावलांवर थबकली.

गेली तीस वर्षं तिनं या माणसाला बी निवडताना पाहिलं होतं. सारख्या आकाराच्या दोन बिया दोन तळहातांवर घ्यायच्या, डोळे मिटायचे आणि जड लागेल ती ठेवायची. थोराड बियांचा तर यांना तिटकारा. 'नुसतं अंग, आत वारा,' असं म्हणून ते मोठं बी कोंबड्यांपुढे फेकायचे. भाचीला लहानपणी कितीदा शेजारी बसवलं असेल, आणि कितीदा उठवलं असेल! 'तुझ्या हाताला वजन कळत नाही, जा, अभ्यास कर.' पोर हिरमुसून मावशीकडे यायची.

असा माणूस निवडीच्या पुडीत मोठ्या बिया ठेवतो? आणि भोपळ्याचं वाळलेलं बी चकचकतं कधीपासून? त्याच्या अंगावर तर कागदासारखा पापुद्रा असतो.

मावशीनं मान वर केली. फळीवर औषधांच्या बाटल्या होत्या आणि त्यांच्यावर बोटभर धूळ होती. एकाच बाटलीवर नव्हती. त्या बाटलीवर कवटीचं चित्र होतं, आणि शेजारी डिंकाच्या वाटीत एक कुंचला वाळून घट्ट बसला होता.

तिनं बाटली उचलून औषधाचं नाव वाचलं.

"भाऊजी, काय फासलंत त्या बियांना?"

भाऊजी मटकन पोत्यावर बसले. मग एकदम भडाभडा बोलू लागले. मागच्या वर्षी डबा हलवल्यासारखा वाटला होता. शिंपीच, दुसरं कोण! म्हणून यंदा खरं बी कपाटात ठेवलं आणि डब्यात वर ही पुडी. टाकाऊ बिया, त्यांना किडीचं औषध डिंकात कालवून लावलेलं. "कोंब जळावा एवढंच होतं मनात. त्याचा वेल उठू नये, बास! देवाशपथ, माणसाला काही व्हावं असं..."

"अहो, पण आज गल्लीभर लोक बी गालात धरून बसलेत!"

"ध्यानातच आलं नाही गं!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "कवळी बसल्यापासून मी गालात धरतच नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून पोटाशी बांधतो. माझ्या डोक्यातून ते गेलंच होतं. सकाळी डबा उघडा दिसला आणि मग..."

पुढचं ऐकायला मावशी थांबली नाही. ती धावत गल्लीच्या मधोमध आली आणि वखारीत ट्रक थांबवायला लावायची तो आवाज लावला.

"थुंका! तोंडातलं बी थुंका सगळ्यांनी! अण्णांच्या डब्यातलं बी विषारी आहे! ज्याच्याकडे असेल त्यानं थुंकावं, कुणी चोर म्हणणार नाही!"

खिडक्या उघडल्या, दारं उघडली. फुगलेल्या गालांची माणसं बाहेर आली आणि एकमेकांकडे बघत राहिली. मग कुणीतरी थुंकलं आणि बघता बघता सगळी गल्ली थुंकायला लागली. एक म्हातारी घाबरून रडू लागली. मावशी एकेकाच्या पायाशी वाकून बी बघत गेली. तपकिरी, पांढरं, खाचेचं, बारीक. चकचकीत एकही नव्हतं.

तेवढ्यात वाऱ्याबरोबर ताज्या पावाचा वास आला.

४

पाववाल्यानं मोठा तवा नुकताच बाहेर ओढला होता. पावांवर हिरव्या बिया पसरल्या होत्या, आणि पहिलं गिऱ्हाईक, काठी टेकत आलेले एक आजोबा, घास तोंडाजवळ नेत होते. मावशीनं तो पाव त्यांच्या हातातून हिसकला आणि दुसऱ्या हातानं अख्खा तवा जमिनीवर लोटला.

"अहो, वेड लागलं का तुम्हाला?" पाववाला किंचाळला.

"बिया कुठून आणल्यास? खोपटातून? खरं सांग, नाहीतर जीव जाईल लोकांचा!"

पाववाल्याचा रंग उडाला. तो धावत आत गेला, कागदी गोणी उचलून आणली आणि तिच्यासमोर ओतली. सोललेल्या, गुळगुळीत, हिरव्या बिया. "बाजारातून आणल्यात, मावशी. सालीसकट बी पावावर कोण लावेल? लोक माझे दात पाडतील! अण्णांच्या डब्याला मी हातसुद्धा लावला नाही."

मावशीनं खाली बसून ओंजळ भरली, नखानं बी दुमडून पाहिलं. खरं होतं ते. आजोबा भिंतीला धरून उभे होते. त्यांना तिनं हात धरून बाकावर बसवलं.

"किल्ली कुठे असते तुझी?"

"ही काय, भट्टीशेजारच्या खिळ्याला. कुणीही घ्यावी. मी कुठे लक्ष ठेवतो! घरातलेच तर असतात सगळे."

घरातलेच. मावशी बाकावर आजोबांच्या शेजारी बसली आणि तिनं डोळे मिटले. डोकं ठिकाणावर ठेव, तिनं स्वतःला बजावलं.

चोरानं एकच पुडी नेली. तळाशी पिशवीभर बिया होत्या, त्या तशाच ठेवल्या. वैरी असता तर सगळं नेलं असतं, निदान सांडून तुडवलं तरी असतं. ज्यानं नेलं त्याला भाऊजींचं नुकसान करायचं नव्हतं. त्याला फक्त त्यांच्या निवडीतलं थोडं हवं होतं.

पण मग निवड कळणाऱ्यानं ते नेलं कसं? बिया मोठ्या आणि पोकळ. गल्लीतल्या कुणाही जाणत्यानं हातावर घेतल्या असत्या तर हलक्या लागल्या असत्या आणि त्यानं जागच्या जागी ठेवल्या असत्या. शिंपी तर भिंग लावून बसला असता. म्हणजे चोर अनाडी? अनाडी माणूस भोपळ्याचं बी चोरेल कशाला?

एकच माणूस उरतो. ज्याला हाताला हलकं लागलं तरी तो स्वतःच्या हातावर विश्वास ठेवणार नाही. ज्याला लहानपणापासून सांगितलंय की तुझा हात चुकतो. अण्णांनी निवडलं म्हणजे बरोबरच असणार, असं मानणारा या जगात एकच जीव आहे.

नखांतलं ते काळं वंगण नव्हतं, माती होती. कुठेतरी गुपचूप आळं खणलं होतं तिनं. आणि सकाळी चहासुद्धा न घेता, एक शब्द न बोलता, तोंडाला रुमाल लावून...

"अगं माझे आई," मावशी पुटपुटली. "दात दुखत नव्हता तिचा."

५

फोन वाजत राहिला. उचलेना. मावशीनं परत लावला, परत लावला. शिंपी, पाववाला, थुंकून मोकळी झालेली अर्धी गल्ली भोवती जमली होती. भाऊजी फाटकाशी उभे होते. अजून त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

चौथ्यांदा फोन उचलला गेला. आवाज भाचीचा नव्हता.

"हॅलो? अहो, मी गाडी शिकणारी बोलतेय. ताई फोन घेत नाहीयेत."

"का? काय झालं तिला?"

"घाम फुटलाय नुसता. तोंडातून लाळ गळतेय. मघाशी म्हणाल्या रस्ता धूसर दिसतोय, आणि आता बोलतच नाहीत हो!"

"तिच्या तोंडात बी आहे. बी! बोट घालून काढ आधी! आणि गाडी बाजूला घे!"

"कशी घेऊ?" बाई रडायलाच लागली. "आज पहिलाच दिवस आहे माझा! थांबवायची कशी ते सांगितलंच नाही अजून! ताईच त्यांच्या बाजूनं थांबवतात!"

"पाय उचल! दोन्ही पाय उचल आणि कडेला वळव! कुठे आहात तुम्ही?"

"गोदामांच्या मागे... वाळूचा ढीग... अगं आई गं!"

धाडकन आवाज झाला आणि फोन बंद पडला.

शिंप्यानं एक शब्द विचारला नाही. गणवेश पोचवायची त्याची जुनी व्हॅन दुकानासमोरच होती. मावशी चढेपर्यंत ती सुरू झाली होती. मागच्या दारातून भाऊजीही आत आले आणि कापडाच्या गठ्ठ्यांत कोसळले. "कोण आहे गं? कुणाच्या तोंडात आहे?" ते विचारत राहिले. मावशीनं मागे वळून पाहिलं नाही. मग त्यांनाच उमजलं असावं, कारण मागून जो आवाज आला तो तिनं फक्त बहीण गेली तेव्हा ऐकला होता.

गाडी वाळूच्या ढिगात नाक खुपसून उभी होती. नवशिकी बाई रस्त्यावर फतकल मारून बसली होती आणि तिच्या दोन बोटांत धरलेलं एक मोठं, चकचकीत बी होतं. "काढलं मी," ती म्हणत होती, "काढलं हो मी." मावशीनं तिच्या हातावर पाण्याची बाटली रिकामी केली, बी रुमालात बांधलं. भाचीचं अंग गार पडलं होतं, पापण्या उघडून बघितल्या तर डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी झालेली. श्वास चालत होता, पण घशात घरघर होती. शिंप्यानं तिला उचललं. तिच्या चपला खाली पडल्या, त्याही त्यानं वाकून घेतल्या.

इस्पितळापर्यंत मावशी भाचीच्या छातीवर हात ठेवून बसली. प्रत्येक श्वासानंतर पुढचा येतो की नाही, याची तिला भीती वाटत होती.

६

बाटलीवरचं औषधाचं नाव मावशीच्या लक्षात होतं, म्हणून डॉक्टरांना शोधाशोध करावी लागली नाही. एकामागून एक सुया दिल्या, नळी घातली. दारावरच्या काचेतून मावशी बघत राहिली. बराच वेळ कुणी काही सांगेना. मग एक परिचारिका बाहेर आली आणि म्हणाली, "जिवावरचं टळलंय, बसा आता." मावशी खाली फरशीवरच बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

ऊन कलताना भाचीनं डोळे उघडले. आवाज खोल गेला होता. "मावशी, तुला कसं कळलं?"

"आधी तू सांग, कशाला गं असं?"

"यंदा माझा स्वतःचा वेगळा भोपळा लावणार होते मी. शाळेच्या मागे आळं केलंय. बाबांकडे मागितलं असतं तर हसले असते." ती दम घ्यायला थांबली. "मला हलक्या लागल्या होत्या गं बिया. दोनदा हातावर घेऊन बघितल्या. पण बाबांनी निवडलेल्या. म्हटलं, माझ्याच हाताला वजन कळत नसेल."

दारात भाऊजी उभे होते. त्यांच्या मागे शिंपी, हातात अजून तिच्या चपला.

"चुकलो, बाळ," भाऊजी आत येत म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "तुझ्यासाठी नव्हतं गं ते. तुझ्यासाठी मी असं करीन का?"

"मग कुणासाठी होतं?" भाचीनं विचारलं.

भाऊजींची मान खाली गेली. शिंप्याला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. "माझ्यासाठी," तो स्वतःच म्हणाला, अगदी हळू.

"मरावं असं नव्हतं मनात!" भाऊजी म्हणाले. "वेल जळावा एवढंच. गालाचं माझ्या ध्यानातच नव्हतं, कवळीमुळे..."

"ते मी मानलं, भाऊजी," मावशी म्हणाली. ती भिंतीला धरून उठली. हे विचारू नये असं तिला वाटत होतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "माणूस विसरतो. पण सकाळी डबा उघडा दिसल्या दिसल्या तुमच्या ध्यानात आलं. तेव्हाच तर तुम्ही शिंपीदादांच्या खिडकीशी जाऊन चक्कर येते का विचारलंत, आणि एकदा नाही, दोनदा. मी गल्लीत ओरडले, सगळे थुंकले, किती वेळ लागला त्याला? तुम्ही सकाळीच का नाही ओरडलात? पोरगी तर तुमच्या दारासमोरूनच गाडी घेऊन गेली."

सलाईनच्या नळीतून थेंब पडत होते.

"लोक काय म्हणाले असते?" भाऊजी शेवटी म्हणाले. "बी विषारी आहे म्हटलं की विष कुणी लावलं, हे आलंच. मला वाटलं, शिंपीच असणार. तो बरा दिसत होता. म्हटलं, तू येशील, गुपचूप पुडी शोधून आणशील, कुणाला कळायचं नाही. थोडा वेळ थांबून बघू, म्हटलं."

"आणि माझा तोल जाताना दिसला असता तर?" शिंप्यानं विचारलं.

भाऊजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मावशी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. काहीतरी म्हणा, तिनं मनोमन विनवलं, खोटं असलं तरी चालेल, 'धावत आलो असतो' एवढं तरी म्हणा. ते काही म्हणाले नाहीत.

शिंप्यानं चपला कॉटखाली नीट जोडून ठेवल्या आणि तो बाहेर निघून गेला.

भाचीनं तोंड भिंतीकडे वळवलं. "मावशी," ती म्हणाली, "त्यांना बाहेर थांबायला सांग."

"बाळ..." भाऊजींनी एक पाऊल पुढे टाकलं, हात पुढे केला. आणि मावशी कॉटच्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. आपण अशा का उभ्या राहिलो हे तिलाही लगेच कळलं नाही. या माणसाच्या घरी ती तीस वर्षं जेवली होती, याच्या हातचा चहा प्यायली होती, बहिणीमागे याचं आजारपण काढलं होतं. आज पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली.

"जा, भाऊजी," ती म्हणाली.

ते गेले. मावशीनं दार लावून घेतलं, खुर्ची ओढून दाराला टेकवली आणि त्या खुर्चीवर बसून राहिली.